नगरचे घोडे, घरची मोटार

विजापूरच्या तटावर जी मलिक-इ-मैदान तोफ आहे तिचे माहेर नगर आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. निजामशाहीच्या पदरी असलेल्या महंमद बिन हसन रूमी या तुर्की ओताऱ्याने १५४९ साली ती येथे ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन. पुढे ती परांड्यास गेली आणि सतराव्या शतकात परांड्याहून विजापुरास. त्या शेवटच्या प्रवासाला चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. हा हिशेब कुणी मोजून लिहिलेला नसेल. पण एवढे ओझे हलवावयाचे म्हणजे सारा मुलूख जुंपावा लागे, हे त्यातून कळते. चारशे वर्षांनंतर याच नगरच्या छावणीत जवळजवळ तेवढ्याच वजनाचा सेंच्युरियन रणगाडा चार माणसांना पोटात घेऊन आपल्या एंजिनाच्या बळावर चालू लागला. बैल, हत्ती आणि खलाशी त्या एंजिनात मावले होते.

आमचा आजचा विषय मात्र रणगाडा नाही, मोटार आहे. आणि तीही कारखान्यात नव्हे तर घरी, अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली, भरपूर अश्वशक्तीची मोटार. तरुण मंडळींना या विषयाचे वेड आहे हे आम्ही पाहतो. जुन्या जीपचा किंवा अँबॅसेडरचा सांगाडा आणावा, त्यात दुसऱ्या मोठ्या गाडीचे एंजिन बसवावे आणि नगर-पुणे रस्त्यावर तिचा आवाज काढून दाखवावा, ही इच्छा पोरकट आहे असे म्हणून वडीलधारी माणसे मोकळी होतात. आम्हांस ती तशी वाटत नाही. मोठ्या अश्वशक्तीची वाहने जगात बहुधा अशीच, नियमाच्या कडेकडेने, कुणाच्या तरी हट्टातून जन्मली आहेत. त्यांतली काही पुढे नावारूपास आली, काही भंगारात गेली, काहींनी माणसे मारली. कुणाच्या वाट्याला काय आले हे एंजिनाच्या जोरापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरत गेले: ते वाहन तपासून त्याला बरे-वाईट म्हणणारे कुणी होते की नव्हते. हा इतिहास नगरकरांनी ऐकावा असे वाटण्यास खास कारण आहे, ते ओघाने येईलच.

प्रथम अश्वशक्ती म्हणजे काय ते नीट पाहू. जेम्स वॅटला आपली वाफेची यंत्रे विकावयाची होती आणि गिऱ्हाइकाजवळ होते घोडे. तेव्हा हे यंत्र किती घोड्यांचे काम करील हे सांगणे त्याला भागच होते. आज मेट्रिक पद्धतीत पंचाहत्तर किलोचे वजन एका सेकंदात एक मीटर उचलले की एक अश्वशक्ती होते. मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. दीडशे लिटर पाण्याची मोट दहा मीटर खोल विहिरीतून वीस सेकंदांत वर आली, तर त्या वीस सेकंदांत बैलांनी नेमकी एक अश्वशक्ती खर्च केली. आता तीनशे अशा मोटा एका लोखंडी पेटीत कोंडल्या आहेत आणि त्यांचा कासरा उजव्या पायाच्या अंगठ्याखाली आहे असे समजा. घरी बांधलेली जोरदार मोटार ती हीच.

अशा मोटारीला अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. आपण तिला दंडाची मोटार म्हणू. तिचे मूळ १९३२ साली फोर्डने काढलेल्या आठ सिलिंडरच्या स्वस्त गाडीत आहे. एंजिन पासष्ट अश्वशक्तीचे, आजच्या मानाने मामुली. पण आठही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात काढल्यामुळे ते सामान्य माणसाच्या खिशाला परवडले. कॅलिफोर्नियातील पोरांनी या गाड्या जुन्या बाजारात घेतल्या, मडगार्ड काढले, टप कापले, एंजिनाची तोंडे घासून मोठी केली आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर त्या पळविल्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या, यंत्रांवर हात बसलेल्या शिपायांनी हे वेड चौपट केले.

कारखानदार या खेळात उशिरा उतरले, आणि तेही मागच्या दाराने. जनरल मोटर्समध्ये नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून, म्हणजे सुमारे ५.४ लिटरहून मोठे एंजिन घालावयाचे नाही. पाँटिअॅक विभागातील जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे एंजिन बसविले, आणि नवी गाडी म्हणून वरिष्ठांची मंजुरी घेण्याऐवजी त्याला ‘गिऱ्हाइकाने मागितल्यास देण्याचा जादा सामान’ असे नाव दिले. जी.टी.ओ. या नावाने ती पहिल्याच वर्षी ३२,४५० खपली. घरगुती मिस्त्री जे करीत होता तेच कंपनीने केले, आणि त्याच्याप्रमाणेच तिनेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष केले. त्या गाडीचे ब्रेक चारही चाकांना जुन्या ढोलाच्या पद्धतीचे होते, आणि ते अपुरे पडतात अशी ओरड लवकरच सुरू झाली.

हे सारे अमेरिकेतले झाले. पण मोठे एंजिन दुसऱ्याच सांगाड्यात बसविण्याचे किंवा तयार मोटारीचे रूप पालटून टाकण्याचे सर्वांत ढळढळीत नमुने पाहावयाचे असतील, तर नगरकरांना फार दूर जावे लागत नाही. १९९४ साली येथे सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात ते ओळीने उभे आहेत. शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी त्यांच्या तोफा पाहिल्या. त्यांचे एंजिन कोठून आले हे मात्र क्वचितच कुणी विचारतो.

तेथील रोल्स-रॉईसची चिलखती गाडी घ्या. १९१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ब्रिटिश नौदलाच्या विमानदलातील कमांडर सॅमसन यांची तुकडी डंकर्कजवळ होती. त्यांनी आपल्या साध्या मोटारींना तेथील गोदीच्या कारखान्यातून बॉयलरचे पत्रे ठोकून घेतले आणि त्यावर मशीनगन ठेवली. ही उघडउघड गॅरेजची कारागिरी. त्यातूनच सिल्व्हर घोस्ट या अत्यंत महागड्या मोटारीच्या चासीवर चिलखत आणि फिरता बुरूज चढविण्याची पद्धत निघाली. सुमारे साडेसात लिटरचे, ऐंशीच्या घरातील अश्वशक्तीचे एंजिन तेच राहिले. पण वजन चार टनांच्या आसपास गेले. म्हणून कमानी जाड केल्या, मागे दुहेरी चाके घातली. ब्रेक मात्र मागच्या चाकांनाच होते. संस्थानिकांच्या मिरवणुकीसाठी घडलेली मोटार सरहद्दीच्या डोंगरांत गस्त घालू लागली.

शर्मन रणगाड्याच्या एका जातीची कथा याहून विलक्षण आहे. अमेरिकेला १९४१ साली रणगाडे हवे होते आणि मोठी एंजिने विमानांकडे जात होती. क्रायस्लर कंपनीने मोटारीची सहा सिलिंडरची पाच साधी एंजिने घेतली, ती फुलाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळात मांडली आणि पाचांचे दांडे मधल्या एका दातेरी चाकाला जुंपले. तीस सिलिंडर आणि चारशेच्या आसपास अश्वशक्ती! कागदावर पाहिले तर हे एखाद्या वेड्या मिस्त्रीचे काम वाटावे. पण ते चालले. फक्त हे धूड मावेना म्हणून रणगाड्याची पेटीच लांब करावी लागली. एंजिन बदलले की सांगाडा बदलावा लागतो, हा धडा अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या कारखानदारांनाही चुकला नाही.

आणि सेंच्युरियन. त्याचे एंजिन आहे मीटिऑर. हे मूळचे स्पिटफायर विमानाचे मर्लिन एंजिन, बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर. रोल्स-रॉईसचे रोबोथम आणि त्यांची लहानशी तुकडी १९४१ साली इंग्लंडात बेल्पर गावच्या एका जुन्या ओतशाळेत या कामाला लागली होती. त्यांनी मर्लिनचे हवा दाबून भरणारे यंत्र काढून टाकले, रणगाड्याच्या गिअरपेटीशी जुळावे म्हणून फिरण्याची दिशा उलटी केली, आणि उडण्याच्या कामातून बाद झालेल्या मर्लिनचे भाग वापरून पहिली एंजिने जुळविली. विमानात हजारांहून अधिक अश्वशक्ती देणारे हे यंत्र रणगाड्यात सहाशे-साडेसहाशेवर आणले गेले. घरी गाडी बांधणाऱ्या तरुणाने येथे थांबून विचार करावा. जगातल्या उत्तम यंत्रज्ञांनी हाती आलेला जोर जाणूनबुजून निम्म्याच्या आसपास आणला, कारण उरलेला जोर पेलणारी गिअरपेटी नव्हती आणि तो थंड ठेवणारी हवा नव्हती. विमानाला समोरून वारा फुकट मिळतो. चिखलातून चाललेल्या रणगाड्याला पंखे लावावे लागतात, आणि ते पंखेही अश्वशक्तीच खातात. पेट्रोलचे तर विचारूच नये. किलोमीटरला पाच लिटरच्या आसपास!

या एंजिनाच्या एका रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी तो पेटल्यावरही सोडला नाही, आणि त्यातच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो रणगाडा नंतर दुरुस्त झाला आणि नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवण्यात आला.

अश्वशक्तीची फुशारकी किती पोकळ असू शकते हेही याच यंत्रांनी दाखविले आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आले. त्यांचे एंजिन आठशेहून अधिक अश्वशक्तीचे. समोर आपले सेंच्युरियन, आणि डेक्कन हॉर्सचे तर महायुद्धातले जुने शर्मन. आपल्या लोकांनी कालव्याचे पाणी सोडून उसाची शेते भिजवून ठेवली होती. ओल्या उसात पॅटन रुतले. आठशे घोडे जागच्या जागी चिखल उडवीत राहिले आणि शंभरच्या घरात रणगाडे शत्रूने त्या रणात गमावले. त्यांतील काही हवालदार अब्दुल हमीद यांनी साठ-सत्तर अश्वशक्तीच्या जीपवर बसविलेल्या तोफेने टिपले. जीपवर तोफ! हीदेखील हाताने सजविलेली गाडीच की.

पाणी सोडून शत्रूला रुतविण्याची युक्ती नगरला मात्र नवी नाही. येथून अवघ्या काही कोसांवरच्या भातवडीला १६२४ साली मलिक अंबरने तलाव फोडून मोगल आणि विजापूरकरांच्या जड फौजांची हीच गत केली होती. त्याच्याजवळ हलकी घोडी होती, वजन थोडे होते आणि जमिनीची जाण होती. पंजाबातील सेनानींनी भातवडीचा पाठ वाचला होता की नाही यात शिरण्याचे कारण नाही. चिखल सर्वांना सारखाच शिकवितो.

आता लष्कराची छावणी सोडून साध्या माणसाच्या अंगणात येऊ. मराठी मुलखात घरी मोटार बांधणारा माणूस कोण, असे विचारले तर पहिले नाव इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांचे घ्यावे लागते. शिक्षण सातवीपर्यंत. १९४५ साली त्यांनी विचार सुरू केला आणि १९४९ साली दोन माणसे बसतील अशी पहिली गाडी उभी केली. नाव ‘मीरा’. पुढे सत्तरीच्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारलेले नमुने बांधीत राहिले. पोलादी कमानींऐवजी त्यांनी रबराचा उपयोग केला, त्यामुळे सुटे भाग कमी झाले. एंजिन मागे ठेवले. लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास गाडी चालावी आणि किंमत बारा हजारांत बसावी असा त्यांचा हिशेब होता.

येथे कुणी म्हणेल, आम्ही दंडाच्या मोटारीबद्दल बोलत होतो आणि ही तर चिमणी निघाली. खरे आहे. पण अमेरिकेतला पोरगा आणि इचलकरंजीचे कुलकर्णी एकाच जातीचे कारागीर होते. फरक त्यांच्या भोवतालच्या बाजारात होता. अमेरिकेत भंगाराच्या कोठीत आठ सिलिंडरचे एंजिन थोड्या डॉलरांत मिळे. आपल्याकडे १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर कोणी काय आणि किती बनवावे हे परवान्यावर ठरू लागले. पोलाद कोट्यावर, आयात बंद. रस्त्यावर अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड, आणि त्यांची अश्वशक्ती चाळीस-पन्नासच्या आगेमागे. पेट्रोल महाग. अशा देशात बुद्धिमान माणसाचे डोके जोर वाढविण्याकडे न जाता खर्च वाचविण्याकडे गेले तर नवल कसले? आमच्या मिस्त्रींनी एंजिनबदल केला तोही बहुधा याच हेतूने: जीपमधले पेट्रोल एंजिन काढून मॅटाडोरचे डिझेल एंजिन घालणे हे आपल्या गॅरेजांत वर्षानुवर्षे चालले. त्यातही तीच विद्या लागे. एंजिनाच्या बैठका नव्या वेल्ड करावयाच्या, गिअरपेटी जुळविण्यासाठी लेथवर चकती कातावयाची, दांड्याची लांबी कमीजास्त करावयाची, मोठा रेडिएटर घालावयाचा. दंडाची मोटार बांधणाऱ्याने यापेक्षा वेगळे काही करावयाचे नसते, फक्त प्रत्येक जोड अधिक ताण सोसणारा हवा.

मीरा रस्त्यावर फिरली, लोकांनी पाहिली, वाखाणली. पण ती विक्रीस आली नाही. उत्पादनासाठी सरकारकडून ज्या सवलती आणि परवानग्या हव्या होत्या त्या मिळाल्या नाहीत. १९८३ च्या डिसेंबरात चाळीसहून कमी अश्वशक्तीची मारुती ८०० आली आणि स्वस्त लहान मोटारीची जागा भरून गेली. कुलकर्णींची गाडी चांगली होती की वाईट, हा निवाडा मैदानावर व्हावयास हवा होता. तो फायलीत झाला.

नगरच्या फिरोदियांची वाट मात्र निभावली. बॅरिस्टर, वकील, पुढारी यांच्या काळात विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेले कुंदनमल फिरोदिया नगरचेच. त्यांचे चिरंजीव नवलमल स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. बाहेर आल्यावर त्यांनी माणसाने माणसाला ओढू नये म्हणून तीन चाकांच्या ऑटोरिक्षाचा ध्यास घेतला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती मुंबई सरकारपुढे चालवून दाखविली. धाकट्या पातीतील हस्तीमल फिरोदियांनी कायनेटिक कंपनी काढली आणि १९७२ साली लुना आणली. नगरच्या कारखान्यातून निघालेल्या या पन्नास सीसीच्या गाडीत जेमतेम दीड-दोन अश्वशक्ती. गंमत अशी की वजनाच्या टनामागे किती अश्वशक्ती हा हिशेब केला, तर एका स्वारासकट लुना आणि सेंच्युरियन जवळजवळ बरोबरीने उतरतात: दोन्ही तेराच्या आगेमागे. जी.टी.ओ. याच हिशेबात दोनशेला जाते. फिरोदियांजवळ भांडवल होते, सरकारदरबारी शब्द होता आणि परदेशी नमुन्याचा आधार होता. इचलकरंजीच्या कारागिराजवळ यांतले काही नव्हते.

देशाने स्वतः मोठी अश्वशक्ती घरी घडवू पाहिली, तेव्हा तिलाही हेच भोग आले. फाळणीनंतर १९४७ मध्ये चकलाल्याहून वाहन तपासणीची लष्करी संस्था नगरला आली. तिच्यातूनच पुढे वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे आपली व्ही.आर.डी.ई., उभी राहिली, आणि १९७६ साली तिची एक शाखा रणगाड्यांसाठी मद्रासजवळ आवडीला गेली. अर्जुन रणगाड्याची योजना १९७४ ची. त्याला पंधराशे अश्वशक्तीचे एंजिन हवे होते. ते जमेना, म्हणून जर्मनीचे चौदाशेचे घेतले. देशात बनलेल्या पंधराशे अश्वशक्तीच्या एंजिनाची पहिली चाचणी म्हैसूरला २० मार्च २०२४ रोजी झाली. पन्नास वर्षे! घरी गाडी बांधणाऱ्याच्या आई-वडिलांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गाठ तेथे आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम म्हणते की नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील कारखानदाराने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार गाडीत करता येणार नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे अधिकच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. गॅसवर चालविण्यासाठी एंजिनात बदल करणे यासारख्या काही गोष्टींना रीतसर वाट आहे. पण जुन्या सांगाड्यात दुप्पट जोराचे एंजिन घातलेली गाडी रस्त्यावर आणावयाची, तर तिने एखाद्या कारखानदाराच्या नव्या नमुन्याप्रमाणे सारे सोपस्कार करावेत अशीच अपेक्षा आहे. लाख गाड्या विकणाऱ्याला जो दरवाजा, तोच एक गाडी बांधणाऱ्याला.

कायदा निष्कारण कडक आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वेग दुप्पट केला की गाडीच्या अंगची गतिशक्ती चौपट होते. साठावरून एकशेवीसवर गेलेल्या गाडीला थांबविताना ब्रेकला चौपट उष्णता गिळावी लागते. अंगणातल्या मिस्त्रीला एंजिन बसविता येते, पण ब्रेक कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून त्यावर खर्च करावासा वाटत नाही. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मेंढरे आणि शाळेतून सुटलेली मुले एकाच वेळी असतात. तेथे कुणाच्या हौसेचा प्रयोग झाला तर जीव जातो तो दुसऱ्याचा.

तरीही बंदीने कारागीर थांबत नाहीत, ते फक्त लपतात. सांगली जिल्ह्यातील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने भंगारातून चार चाकांची, जीपच्या धाटणीची गाडी घडविली आणि २०२१ च्या अखेरीस तिची चित्रे देशभर गेली. आनंद महिंद्र यांनी मोकळेपणाने कौतुक केले, पण तेवढ्याच मोकळेपणाने सांगितले की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावरून उतरविली जाईल. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली, आणि ती हातची गाडी कंपनीच्या संशोधन केंद्रातील संग्रहात ठेवली. देणाऱ्याची उदारता मोठीच; पण त्या गाडीचे ब्रेक कसे होते, वळणावर ती कशी वागे, त्या कारागिराला दुसऱ्या गाडीत काय सुधारता आले असते, हे त्याला सांगण्याची सोय कोठेच नव्हती.

अशी सोय दुसरीकडे झाली आहे. कॅलिफोर्नियातील पोरे रस्त्यावर शर्यती लावून मरत होती तेव्हा वॅली पार्क्स यांनी १९५१ साली त्यांची संघटना बांधली, आणि १९५३ साली पोमोना येथे स्थानिक पोलिसांच्या संमतीने पहिली अधिकृत शर्यत भरविली. जो गाडी तपासून घेईल त्यालाच पट्टीवर प्रवेश. ब्रिटनमध्ये घरी जुळविलेल्या एकेका गाडीची सरकारी तपासणी १९९८ पासून सुरू झाली आणि २००९ मध्ये ती अधिक काटेकोर झाली. त्या देशात १९५७ च्या सुमारास लोटस कंपनी आपली सेव्हन ही मोटार सुट्या भागांत विकी, कारण स्वतः जुळविल्यास खरेदीकर लागत नसे. म्हणजे तेथेही हौसेच्या मागे थोडा कराचा हिशेब होताच. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून पिथमपूरला बाहा स्पर्धा भरू लागली. तेथे सर्वांना दहा अश्वशक्तीचे एकसारखे एंजिन असे आणि गाडी मुलांनी स्वतः बांधावयाची. कस लागे तो सांगाड्याचा, सुकाणूचा आणि ब्रेकचा. ब्रेकच्या चाचणीत चारही चाके एकदम जाम झाली नाहीत तर शर्यतीत उतरावयासच मिळत नसे.

आता नगरचे ते खास कारण. वाहनाची तपासणी करून त्याला पात्रतेचा दाखला देण्याचा अधिकार १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२६ व्या नियमाने देशातील ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांत आपली व्ही.आर.डी.ई. आहे. वेगाच्या, चढाच्या, खाचखळग्यांच्या चाचणीवाटा आपल्या वेशीवर आहेत. मोठमोठ्या कारखान्यांची वाहने येथे येऊन आपला जोर आणि आपला थांबा मोजून घेतात. जिल्ह्यातल्या पोराला मात्र त्या कुंपणापर्यंतच जाता येते. लष्करी संस्थेच्या मर्यादा आम्ही जाणतो, आणि तेथील अधिकाऱ्यांनी प्रत्येकाच्या जीपकडे पाहत बसावे असेही आम्ही सुचवीत नाही. पण ज्या गावात हे ज्ञान आहे त्या गावातून मागणी निघावी, की घरी बांधलेल्या एकेका गाडीसाठी वेगळी, माफक फीची तपासणी असावी. जी उतरेल तिला वेगळ्या खुणेचा क्रमांक मिळावा, जी उतरणार नाही तिला लेखी कारण मिळावे.

तपासणी फार गुंतागुंतीची लागणार नाही. सांगाड्याचे वेल्डिंग ठोकून पाहावे. एंजिनाच्या बैठका, दांड्याभोवतीची लोखंडी कडी, पेट्रोलच्या नळ्या धुराड्यापासून किती दूर आहेत ते पाहावे. गाडी चारही चाकांखाली वेगवेगळी जोखावी, म्हणजे नव्या एंजिनाने नाक किती जड झाले ते कळेल. आवाज मोजावा, धूर मोजावा. अश्वशक्ती मोजण्याची फारशी निकड नाही. ती बांधणारा आपण होऊन सांगेल, आणि थोडी वाढवूनच सांगेल. मग गाडी लांब पट्टीवर न्यावी, ऐंशीचा वेग घ्यावयास सांगावे, आणि किती मीटरांत थांबते, सरळ थांबते की एका बाजूला ओढते, हे टेप लावून पाहावे. आणि लगेच, ब्रेक गरम असतानाच, हे आणखी नऊ वेळा करावयास लावावे.